फोटोतून काढून द्या

आधीच सांगतो, ही कुठून कुठून ऐकलेली गोष्ट नाही. लतिका माझी सख्खी मावशी. यातलं बरंचसं तिनं मला स्वतः सांगितलं, आणि शेवटचं जे घडलं तेव्हा मी तिच्याशेजारी उभा होतो. ज्याला खोटं वाटेल त्यानं खुशाल पान उलटावं, माझी हरकत नाही.

साल १९९८. जानेवारी महिना. लखनऊ, अलीगंज.

आणि अमावस्येची रात्र वगैरे काही नव्हतं. भुतं रात्रीच येतात असं कोणी ठरवलं कोण जाणे. हे सगळं घडलं भर दुपारी, सव्वादोन वाजता, लख्ख उन्हात.

माझे काका, म्हणजे मावशीचे यजमान भास्करराव, बँकेत अधिकारी. मूळ वाईचे. बदली होऊन लखनऊला आले तेव्हा त्यांची आर्या तीन वर्षांची होती. अलीगंजात त्यांनी तळमजल्याचं घर भाड्यानं घेतलं. पुढे चिमूटभर अंगण, त्याला लोखंडी फाटक, फाटकाला कडी.

आर्या लखनऊचीच झाली. घरात बोललेलं मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर यायचं हिंदीत. मावशी म्हणायची, "जेवायला चल गं." ती म्हणायची, "आ रही हूँ." काही वाकडं बोललं की नुसतं "अच्छा" म्हणून मान हलवायची आणि सांगितलेलं ऐकायची. गुणी पोर होती.

मावशीचं हिंदी मात्र अगाध. मराठीलाच हिंदीची टोपी घालून ती बाजारात पाठवायची. एकदा दूधवाल्याला म्हणाली, "भैया, कल का दूध नास गया." तो बिचारा घाबरला, कोणाचा नास झाला म्हणून. आर्या पोट धरून हसली आणि म्हणाली, "फट गया बोलो, आई. फट गया." मग तो नियमच झाला. मावशी बोलायची आणि आर्या तिला कोपर मारून दुरुस्त करायची.

फेब्रुवारी १९९७ मध्ये आर्याला ताप आला.

चौथ्या दिवशी ती गेली. नऊ वर्षांची होती.

त्या चार दिवसांबद्दल मावशी बोलत नाही. मीही कधी विचारलं नाही.

नातेवाईक आले, राहिले, गेले. काका बँकेत जायला लागले. मावशी घरात एकटी. तिला उठायचं कशासाठी तेच कळेना. दुपारचे दोन वाजून गेले तरी ती न विंचरता, न जेवता भिंतीला टेकून बसलेली असायची.

अशीच एका दुपारी बसली होती, आणि...

फाटकाची कडी वाजली.

मग अंगणात पावलं. भरभर.

मग दाराशी बूट भिरकावल्याचा आवाज. धप्प. आणि थोड्या वेळानं दुसरा.

मावशी उठून धावली. शाळेची सायकलरिक्षा सव्वादोनला यायची आणि आर्या बूट असेच भिरकावायची, रोज बोलणी खायची. तिनं दार उघडलं. फाटक बंद होतं. कडी लागलेली होती. पायरीवर एकही बूट नव्हता, ऊन तेवढं होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

रविवारी मात्र नाही. रविवारी शाळेला सुट्टी असते ना.

तुम्ही म्हणाल, बाई घाबरली असेल. अजिबात नाही. आपलंच लेकरू, त्याला कोण भितं? ती दोन वाजता वरणभात गरम करायला लागली. केस विंचरायला लागली. सव्वादोनला दाराशी ताट घेऊन बसायची, आवाज ऐकायची, आणि मग त्याच ताटात स्वतः जेवायची. काकांना तिनं काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कोणीतरी उपाय करायला निघालं असतं, आणि तिला उपाय नको होता. वर्षभर मावशी त्या आवाजावर जगली, हे मी जबाबदारीनं सांगतो.

वर्ष भरत आलं तसं वाईहून तिच्या सासूबाईंचं पत्र आलं. पोरीचा फोटो करून भिंतीला लावा, हार घाला. पण फोटो एकटीचा हवा. जित्या माणसांबरोबरच्या फोटोला हार चालत नाही.

आता आली का पंचाईत. मोठी झाल्यावर आर्या एकटी कधी फोटोला उभीच राहिली नव्हती. चांगला म्हणावा असा एकच फोटो होता, आदल्या हिवाळ्यातला, गच्चीवरचा. अमीनाबादहून आणलेला चिकनच्या भरतकामाचा पांढरा कुर्ता घालून ती मधोमध उभी. कुर्ता वाढत्या अंगाचा, गुडघ्याखाली आलेला. एका बाजूला काका. दुसऱ्या बाजूला मावशी, आणि मावशीचा हात तिच्या खांद्यावर.

अलीगंजातल्या स्टुडिओवाल्यानं हात टेकले. कात्रीनं कापला तर आईचा हात पोरीच्या खांद्यावर तुटका राहील म्हणाला. अमीनाबादेत एक जण हे काम कम्प्युटरवर करतो, तिथे जा.

म्हणून सोमवारी मावशी रिक्षानं अमीनाबादेत गेली. कापडाच्या दुकानावर पहिला मजला, अरुंद जिना. कम्प्युटरवर फोटो करणारे गृहस्थ साठीचे होते, दीनानाथजी. तीस वर्षं त्यांनी बारीक कुंचल्यानं लोकांच्या फोटोंतले डाग घालवले, भुवया कोरल्या. आता म्हातारपणी कम्प्युटर शिकले होते. अतिशय अदबीनं वागणारा माणूस. मावशीला खुर्ची दिली, पंख्याखालची दिली, जानेवारीत.

मावशीनं फोटो पुढे ठेवला. मनात वाक्य मराठीत जुळवलं. माझ्या मुलीला यातून काढून द्या. आणि नेहमीसारखी त्याला टोपी घातली.

"इसमें से मेरी बेटी को निकाल दीजिए."

दीनानाथजींनी फोटोकडे पाहिलं. मग तिच्याकडे. "पूरी निकाल दें, बहनजी?"

"हाँ, पूरी. पैर तक."

"और पीछे?"

"पीछे एकदम साफ."

त्यांनी चष्मा काढला, पुसला. मुलगी कुठे असते असं हळूच विचारलं. मावशीनं सांगितलं, नाही राहिली. त्यांनी फोटो पुन्हा हातात घेतला. मग म्हणाले, नीट विचार केलाय ना. मावशी म्हणाली, विचार करूनच आलेय. त्यांनी मान हलवली आणि गुरुवारी यायला सांगितलं.

तुमच्या लक्षात आलं असेल. मराठीत 'काढून द्या' म्हणजे काढा आणि माझ्या हातात द्या. हिंदीत 'निकाल दीजिए' म्हणजे काढून टाका. 'निकालकर दीजिए' म्हणायला हवं होतं. एवढासा 'कर' राहिला. आर्या शेजारी असती तर तिथल्या तिथे तिनं कोपर मारलं असतं.

पण कोपर मारणारं कोणी नव्हतं.

बुधवार. मावशीनं वरणभात गरम केला, दाराशी येऊन बसली. सव्वादोन वाजले.

कडी वाजली नाही.

मावशी वाट बघत राहिली. आणि मग...

आवाज घरातून आला.

तिच्या पाठीमागून. आर्याच्या खोलीतून.

पावलं. या वेळी भरभर नाही, सावकाश. ती मावशीच्या बाजूनं गेली, अगदी पदराला वारा लागावा इतक्या जवळून. दाराशी थांबली. मग बूट घालताना टाच आपटतात तसं, ठक... ठक. दोन्ही पायांचं.

मग काहीच नाही. कोणीतरी उंबऱ्याशी उभं राहून मागे बघतंय, असं मावशीला वाटलं.

आणि आवाज आला.

"अच्छा."

एवढंच. मग अंगणात पावलं. मग कडी.

मावशीला काय झालं असेल सांगू? आनंद झाला. वर्षभर नुसते बूट ऐकले होते, आज पोर बोलली. ती रडली, हसली, आणि संध्याकाळी उठून तिनं शिरा केला. काका घरी आले तर ताटात शिरा. त्यांना वाटलं, देवाची कृपा, बाई सावरली.

गुरुवारी ती नटून म्हणावं अशी तयार होऊन अमीनाबादेत गेली. दीनानाथजींनी पाकीट दिलं. त्यांचे डोळे लाल दिसत होते. तिनं तिथेच उभ्या उभ्या ते उघडलं.

फोटोत काका होते. मावशी होती.

मधे कोणी नव्हतं.

मधे गच्चीचा कठडा होता. एकेक वीट नीट जुळवलेली. माहीत नसलेल्या माणसाला शंकाही आली नसती, फक्त मावशीचा हात तेवढा हवेत होता. खांद्याच्या उंचीवर. कशावर तरी टेकलेला.

"मेरी बेटी कहाँ है?" मावशीनं विचारलं.

"निकाल दी, बहनजी. जैसा आपने कहा."

मावशी मट्कन खाली बसली. दीनानाथजी पाणी घेऊन धावले. थोडं तिचं मराठी, थोडं तिचं हिंदी, थोडं रडणं, त्यातून त्यांना हळूहळू काय झालं ते उमगलं, आणि ते कपाळाला हात लावून बसले. म्हणाले, मला वाटलं तुम्हाला ती डोळ्यांपुढे नको आहे. लोक येतात असं घेऊन. कोणाला भांडलेला भाऊ नको असतो, कोणाला पळून गेलेली सून. पण लहान मुलाला काढायला पहिल्यांदाच कोणी आलं होतं. माझाही हात धजत नव्हता.

मग ते थांबले. सांगावं की नाही या विचारात पडले. आणि त्यांनी सांगितलं.

माउसनं मुलीभोवती रेघ आखत गेलं की पडद्यावर तिच्याभोवती ठिपके फिरायला लागतात, मुंग्यांच्या रांगेसारखे. मग एक बटण दाबायचं, की आतलं जातं. त्यांनी दाबलं.

ती गेली नाही.

पुन्हा रेघ आखली. पुन्हा दाबलं. नाही गेली. मशीन बंद करून सुरू केलं, तिसऱ्यांदा सगळं केलं. ठिपके फिरत होते आणि आत मुलगी उभी होती. म्हातारा माणूस, एकटा बसून काम करणारा. सवयीनं आपल्याशीच बोलल्यासारखं बोलून गेले...

"जाओ बिटिया. तुम्हारी माँ ने कहा है."

आणि ती गेली.

मावशीनं विचारलं, किती वाजले होते. ते म्हणाले, काल दुपारी, सव्वादोन असतील. अडीचला बिजली जाते, त्याआधी संपवायचं होतं.

मावशी म्हणते, तेव्हा तिला कळलं की कालचा 'अच्छा' कशाला होता.

दीनानाथजींनी त्याच दिवशी दुसरा फोटो करून दिला. यात आर्या एकटी होती, मागे फिकट निळा रंग, मावशीचा हात खांद्यावरून अलगद पुसलेला. सुरेख फोटो. काकांनी तो भिंतीला लावला. हार घालायला मावशीनं नकार दिला.

शुक्रवारी सव्वादोन वाजले. काही नाही.

सोमवारी नाही. पुढचा आठवडाभर नाही.

माणूस गेल्यावर घर सुनं होतं म्हणतात. हे घर दुसऱ्यांदा सुनं झालं, आणि या वेळी सांत्वनाला यायलाही कोणी नव्हतं. मावशी रोज फाटकाशी उभी राहून हाका मारायची. आधी मराठीत. मग हिंदीत, कारण पोरीला हिंदी जवळचं. एकेक शब्द तपासून, कुठे चुकू नये म्हणून जपून बोलायची. मैंने ऐसा नहीं कहा था, बेटा. वापस आ जाओ. गल्लीतली माणसं बघायची आणि खाली मान घालून पुढे जायची.

एका शनिवारी काका लवकर घरी आले आणि त्यांनी तिला तिथे पाहिलं. तिनं सगळं सांगून टाकलं. काका तिला वेड्यात काढतील असं तिला वाटलं होतं. ते पायरीवर बसले आणि म्हणाले, "शनिवारी मी घरी असलो की मलाही यायचा आवाज. तुला त्रास होईल म्हणून बोललो नाही."

दोघंही एकाच घरात वर्षभर तेच ऐकत होते आणि एकमेकांपासून लपवत होते. त्या दिवशी ते दोघं बरोबर रडले. वर्षात पहिल्यांदा.

जूनमध्ये काकांची नागपूरला बदली झाली. मावशी घर सोडायला तयार नव्हती. शेवटी सोडावंच लागलं.

इथून पुढचं मी पाहिलेलं.

डिसेंबरात मी मावशीकडे नागपूरला गेलो होतो. दुपारी फोन वाजला, तो मीच उचलला. लखनऊहून कोणी पद्मिनी श्रीवास्तव म्हणून बाई बोलत होत्या. अलीगंजच्या त्याच घरात आता त्या राहत होत्या. नंबर घरमालकाकडून घेतला होता. फार संकोचून बोलत होत्या.

म्हणाल्या, आपके यहाँ एक बच्ची थी, ऐसा सुना है. माफ़ कीजिए, किससे पूछें समझ में नहीं आया. रोज़ दोपहर को फाटक के बाहर किसी बच्ची की आवाज़ आती है. बाहर देखो तो कोई नहीं.

मी विचारलं, काय म्हणते?

"बस यही कहती है... आई. थोड़ी देर बाद फिर... आई. हम अंदर से कहते हैं, आई हो तो अंदर आ जाओ, बेटा. पर आती नहीं. वहीं खड़ी रहती है और कहती है, आई."

त्या बाईंना मराठी कुठून येणार? त्यांना वाटत होतं, कोणीतरी पोर सांगतेय की मी आले. ती आले म्हणत नव्हती. ती हाक मारत होती. आपल्याला बाहेर काढलंय, आईनं नेल्याशिवाय आत जायचं नाही, म्हणून दहा-अकरा महिने फाटकाबाहेर उभी राहून हाक मारत होती.

मावशीनं रिसीव्हर माझ्या हातातून घेतला. तेच वाक्य तिनं त्या बाईंकडून तीनदा वदवून घेतलं. मग विचारलं, कैसे बोलती है? छोटा या लंबा?

लांब, त्या म्हणाल्या. आ...ई.

दुसऱ्याच दिवशी आम्ही निघालो. काका आले नाहीत. मला जमणार नाही म्हणाले, आणि मावशीला काहीतरी देण्यासाठी उगाच बॅग उघडून पुन्हा बंद केली.

पद्मिनीताई चांगली बाई होती. काही न विचारता तिनं फाटकाबाहेर मावशीला बसायला वेताचा मोढा ठेवला. स्वतः आत, फाटकाला धरून उभी राहिली. मी मावशीच्या डाव्या बाजूला. हिवाळ्याचं छान ऊन पडलं होतं. पलीकडे कोणीतरी गच्चीवर गाद्या वाळत घालत होतं.

सव्वादोन वाजले.

आणि...

ऐकू आलं. माझ्या अंगावर असा काटा आला की आजही लिहिताना येतो.

लांबून नाही. मावशीच्या उजव्या खांद्यापाशी. हात पुढे केला असता तर लागला असता, इतकं जवळ.

पद्मिनीताईंनी फाटक घट्ट धरलं. "दीदी, सुना? अभी बोली ना!"

मावशी रस्त्याकडे बघत होती. रिक्षा ज्या बाजूनं यायची त्या बाजूला. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, नुसती वाट बघणं होतं. "कुठे?" ती म्हणाली. "कुठे बोलली?"

पुन्हा आवाज आला. तिथूनच.

मावशी रस्त्याकडेच बघत म्हणाली, "ये गं बाळा. ये आत. अंदर आ जाओ." तिनं दोन्ही भाषांत सांगितलं. पण सांगत होती त्या रिकाम्या रस्त्याला.

तिला ऐकू येत नव्हतं. आम्हा दोघांना येत होतं. त्या पोरीशी ज्यांचं काही देणंघेणं नाही त्या परक्या बाईला येत होतं. फक्त आईला नाही.

मग मावशी माझ्याकडे वळली. "तुला आलं का रे ऐकू? खरं सांग."

मी नाही म्हणालो.

काय सांगणार होतो? पोर तुझ्याजवळ उभी आहे आणि फक्त तुलाच ऐकू येत नाही, हे कुठल्या तोंडानं सांगणार होतो? सांगितलं असतं तर ती बाई त्या फाटकापासून जन्मात उठली नसती. पद्मिनीताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. खाली बघत म्हणाल्या, हमारा ही वहम होगा, दीदी. संध्याकाळच्या गाडीनं आम्ही परत निघालो.

मावशी आजही अधूनमधून विचारते, तेव्हा खरंच काही ऐकलं नाहीस ना? मी नाहीच म्हणतो. बरं केलं की वाईट, मला माहीत नाही. रात्री झोप लागते, पण दुपारी आडवं झालो की डोळा लागत नाही.

तिला जे सांगितलं नाही ते तुम्हाला सांगतो. मी नाही म्हणालो, त्यानंतर ती आणखी एकदा बोलली. रडत नव्हती. शाळेतून आलेलं मूल दार उघडायला उशीर झाला की जसं जरा कंटाळून बोलवतं, तशीच.

"आई."

या वेळी थोडं मोठ्यानं. आईचं लक्ष नाहीये असं वाटून.